तामाल कच्चे का राहतात

६ जानेवारी

ही डायरी दोऱ्याच्या कंपनीने दिली. दर वर्षी देतात आणि दर वर्षी मी तिच्यात बटणांचे नमुने टाचून ठेवते. या वर्षी लिहायचं ठरवलं, कारण आज जे झालं त्यात कोण काय बोललं याची कुठेतरी नोंद हवी. उद्या कुणी म्हणायला नको की चेंचाने तमाशा केला. मी तमाशा केलेला नाही.

संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तीन राजांच्या सणाचा गोड पाव, रोस्का, कापला. टेबलाभोवती मी, माझी धाकटी बहीण कुका, वरच्या मजल्यावरच्या दोन्या ब्रिहिदा (बाईंना आम्ही दोन्या म्हणतो), आमचा चुलतभाऊ रुतिलिओ आणि दोऱ्याच्या कंपनीचा विक्रेता निकानोर. निकानोरला कुकाने कशाला बोलावलं ते मला कळलं नव्हतं. वाटलं, थंडीचे दिवस आहेत, माणूस विधुर आहे, खाऊ दे बिचाऱ्याला पाव. दर वर्षी जो तो आपला तुकडा आपण कापून घेतो. आज कुका म्हणाली, "मी कापते, तुम्ही सगळे चुरा करता." तिने ताट दोनदा फिरवलं, वाकून खालून पाहिलं आणि एक तुकडा माझ्या बशीत ठेवला. माझ्या तुकड्यात बाळ निघालं, भाजायच्या आधी पावात लपवतात ते बोटभर बाहुलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रुतिलिओने सगळ्यात जोरात. हा माणूस गेली कित्येक वर्षं आपल्या तुकड्यातलं बाळ गालात दडवून घरी नेतो. पण माझ्या वेळेला त्याला नियम आठवला: ज्याला बाळ मिळालं त्याने कांदेलारियाला, म्हणजे दोन फेब्रुवारीला, याच सगळ्यांना मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाल करून घालायचे.

"कुका, तू करशील ना?" मी म्हणाले. आई गेल्यापासून दुकान मी बघते, स्वयंपाक कुका बघते. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

"बाळ कुणाच्या बशीत आलं?"

"माझ्या."

"मग करणार कोण?"

"अगं, मला साधं अंडं उकडता येत नाही."

"उकडता येतं," रुतिलिओ म्हणाला. "सोलता येत नाही."

मग कुकाने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि सांगितलं की ती आणि निकानोर लग्न करताहेत. सात फेब्रुवारीला, कचेरीत, साध्या पद्धतीने. त्यानंतर ती त्याच्याकडे आपिसाकोला राहायला जाईल. दोन्या ब्रिहिदा आनंदाने किंचाळल्या. रुतिलिओने निकानोरला मिठी मारली. मी अभिनंदन केलं. माझं कपातलं चॉकलेट गार झालं होतं, तेही मी बोलले नाही.

दहा वर्षं हा माणूस दर महिन्याला दुकानात येतो. दहा वर्षं मी त्याच्याशी दोऱ्याबद्दल बोलते. हे दोघं बोलले कधी?

मी रागावलेली नाही. सगळे गेल्यावर लेसचा साठा तपासला. पांढरी कमी आहे.

९ जानेवारी

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कांदेलारियाला गव्हाणीतल्या बाळ येशूच्या मूर्तीला नवे कपडे घालून चर्चमध्ये न्यायचं, म्हणून अर्ध्या प्वेब्ला शहरातल्या बायका आपापली बाळं टोपलीत, शालीत, एक तर चक्क बुटांच्या खोक्यात घेऊन आमच्याकडे येतात आणि झबल्यासाठी लेस मागतात. कुणाच्या बाळाचं बोट तुटलेलं, कुणाच्या बाळाचा डोळा गेलेला. झबली कुका शिवते. पुढच्या वर्षी कोण शिवणार, असं एका बाईने विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

कुकाने जाहीर केलं आहे की दुपारचं जेवण आजपासून मी करायचं. म्हणे सराव होईल. आज लाल भात. तिने सांगितलं, तांदूळ परत, टोमॅटोचा रस घाल, झाकण ठेव आणि हात लावू नकोस. मी फक्त दोनदा लावला. भात वरून कच्चा राहिला, खाली कोळसा झाला. मध्ये एक थर बरा होता, तो आम्ही दोघींनी वाटून खाल्ला.

"मधला छान झालाय," कुका म्हणाली.

पूर्वी मी तिच्या सूपमध्ये मीठ कमी आहे म्हटलं तर ती वाडगा उचलून बेसिनमध्ये ओतायची. आता माझ्या कोळशाला छान म्हणते. हे गोड बोलणं मला सहन होत नाही.

१२ जानेवारी

मिरच्यांचा ठसका. सुक्या मिरच्या तव्यावर जरा शेकायच्या असतात. एवढ्यात खालच्या दुकानातून कुणीतरी हाक मारली, मी सॅटिनची रिबीन मापून द्यायला गेले, आणि तिथे एका बाईशी रंगाबद्दल वाद झाला. (तिला मोतिया हवा होता आणि ती त्याला पांढरा म्हणत होती.) तोवर जिन्यातून धूर खाली आला. आठ-दहा बायका बाळं छातीशी धरून खोकत रस्त्यावर पळाल्या. बुटांच्या खोक्यातलं बाळ काउंटरवरच राहिलं. त्याला काही झालं नाही.

वरून दोन्या ब्रिहिदा ओरडल्या, "चेंचा, मला मारायचं असेल तर सरळ विष घाल!"

आज जेवायला पाव आणि चीज.

१५ जानेवारी

दुकानाला सुट्टी. तामालचा पहिला प्रयत्न.

कुका स्टुलावर बसून सांगत होती, हात लावत नव्हती. पीठ एकाच हाताने फेसायचं असतं, मध्येच दुसऱ्याचा हात पडला की बिथरतं. आधी चरबी पांढरी होईपर्यंत फेसायची, मग मक्याचं पीठ, मग कोंबडी शिजवलेलं पाणी. झालं की पेलाभर पाण्यात पिठाची गोळी टाकून पाहायची, तरंगली तर जमलं. माझी बुडाली. पुन्हा फेसलं, पुन्हा बुडाली. तिसऱ्यांदा मी गोळी लहान घेतली आणि पाण्यावर अलगद ठेवली.

"ठेवायची नसते, टाकायची असते," कुका म्हणाली.

"तरंगतेय ना?"

"तरंगतेय. जहाज ठेवल्यासारखी."

भिजवलेल्या कणसाच्या सालींवर पीठ पसरलं, आत कोंबडी आणि हिरव्या टोमॅटोचा रस्सा भरला, पुड्या मिटल्या, पातेल्यात उभ्या लावल्या, वाफेवर ठेवल्या. वेळ झाल्यावर एक उघडला. साल सुटेना. आत पांढरट चिकट खळ. पुन्हा तासभर वाफवले, तरी खळ ती खळच.

कुकाने त्या तामालला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "स्वयंपाकघरात कुणी रागावलं होतं का?"

हे सगळ्यांना माहीत आहे. रागावलेलं माणूस स्वयंपाकघरात असलं की तामाल शिजत नाहीत, मग दिवसभर उकळत ठेवा.

"कोण रागावणार? आपण दोघीच तर होतो."

"तेच म्हणतेय मी."

"तू रागावली आहेस?"

"मी नाही."

"मग कुणीच नाही."

नंतर आठवलं. मध्ये दोन्या ब्रिहिदा दार ठोठावून पाण्याच्या टाकीवरून कुरकुर करून गेल्या होत्या. त्या चांगल्याच रागात होत्या. तेव्हा कारण सापडलं आहे.

१९ जानेवारी

या वेळी दक्षता घेतली. कुकाला रुतिलिओकडे पाठवलं. दाराला आतून कडी लावली. आमचं मांजर सदा वैतागलेलं असतं, म्हणून त्यालाही गॅलरीत ठेवलं. घरात मी एकटी आणि माझा स्वभाव शांत आहे.

दोन्या ब्रिहिदांनी जिन्यातून न विचारता सल्ले दिले. पातेल्याच्या दोन्ही कानांना सालीच्या पट्ट्यांची फुलं बांध. तळाशी एक नाणं टाक, पाणी आहे तोवर ते वाजत राहतं. आणि राग असलाच घरात, तर पातेल्यासमोर जरा नाच म्हणजे तो उतरतो. फुलं बांधली, नाणं टाकलं. नाचले नाही. माझं बटणांचं दुकान आहे, बाजारात मला लोक ओळखतात.

नाणं इतकं खडखडत होतं की दुकानाचे हिशेब डोक्यात राहीनात. थोड्या वेळाने ते थांबलं. मला बरं वाटलं. निवांत बसून कंपनीला पत्र लिहिलं की पुढच्या महिन्यापासून दोऱ्यासाठी दुसरा विक्रेता पाठवावा. निकानोरबद्दल तक्रार नाही, असंही त्यात लिहिलं. वास आल्यावर उठले.

पाणी आटलं होतं. खालचे तामाल जळले, वरचे कच्चे. रुतिलिओ कुकाला सोडायला आला होता, त्याने एक चाखला.

"जळका आणि कच्चा एकाच तामालमध्ये साधणं सोपं नाही हं," तो म्हणाला. "कुणाला जमत नाही हे."

घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. याचा अर्थ ते रागाचं प्रकरण थोतांड आहे, किंवा मांजराचा राग काचेतून आला.

२३ जानेवारी

कुकाचं सामान बांधणं चालू आहे. स्वयंपाकघरातल्या वस्तू ती एकेक उचलते, बघते आणि परत फळीवर ठेवते. पाटा-वरवंटा ठेवला. लाकडी डाव ठेवला. उकडायचं मोठं पातेलंही ठेवलं.

"ने की," मी म्हटलं. "मी काय करणार त्याचं?"

"तामाल."

"दोन तारखेनंतर मी जन्मात तामाल करणार नाही."

"मग सूप कर. भाजी कर. काहीतरी करून खा, चेंचा. नुसत्या पाव-चीजवर राहशील तू, मला माहीत आहे."

मी सांगितलं की कोपऱ्यावर खाणावळ आहे आणि माणसं खाणावळीत जेवून शंभर वर्षं जगतात. माझ्या झग्याचं बटण लोंबत होतं, ते तिने माझ्या अंगावरच शिवून दिलं आणि दोरा दाताने तोडला. मला कात्री देता आली असती, पण मी हललेच नाही.

जेवायला नागफणीची भाजी केली होती. तिचा चिकट रस काढायचा असतो म्हणे. मी काढला नव्हता. चमच्यापासून तोंडापर्यंत तार येत होती. दोघींनी ती संपवली.

२६ जानेवारी

तिसरा प्रयत्न. मध्येच निकानोर आला, हातात आपिसाकोच्या बेकरीतले पाव. मी नको म्हणत असताना स्वयंपाकघरात बसला. त्याचा गुडघा दुखतो. गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते कुकाला माहीत होतं. मला दहा वर्षांत कळलं नाही की या माणसाला गुडघे आहेत.

"दोन्या चेंचा," तो म्हणाला, "तुमच्याशी एक बोलायचं होतं. आमच्याकडे मागच्या अंगाला एक खोली आहे. ऊन येतं. तुम्हाला कधीही यावंसं वाटलं, चार दिवस, चार महिने, कायमचं..."

"मला दुकान आहे."

"हो हो, ते आहेच. मी फक्त म्हटलं."

"खोलीत शिलाई मशीन ठेवा. कुकाला लागेल."

मागच्या अंगाची खोली! जुनं कपाट ठेवतात तिथे. मी पीठ फेसत होते आणि जरा जोरात फेसलं गेलं असेल. पिठाचा एक शिंतोडा त्याच्या चष्म्यावर उडाला. त्याने तो पुसला आणि हसला. हा माणूस कशानेच चिडत नाही, हे संशयास्पद आहे.

तामाल कच्चे. त्याने एक पूर्ण खाल्ला, गिळताना डोळे मिटले आणि म्हणाला, "चव चांगली आहे." कुका गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसत असावी.

राग निकानोरचा असावा असं माझं मत आहे. वरून दिसत नाही, पण असणार.

३१ जानेवारी

चौथा प्रयत्न. पीठ बदललं, चरबी बदलली, चरबीवाला बदलला. या वेळी गोळी टाकली, ठेवली नाही, आणि ती स्वतःहून तरंगली. मी स्वयंपाकघरात एकटीच "वा!" म्हणाले. तरी तामाल कच्चे.

दोन्या ब्रिहिदा खाली आल्या, त्यांनी पिठाचा वास घेतला, बोट घालून चाखलं. "पीठ तर उत्तम आहे. दोघींपैकी रागावलं कोण आहे?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"कुका?"

"मी नाही," कुका म्हणाली.

"मग काय पीठ रागावलंय?" दोन्या ब्रिहिदांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, एकदा भांडून घ्या दोघी. मी आणि माझा नवरा तामालच्या आदल्या दिवशी भांडून घ्यायचो. दुसऱ्या दिवशी कसे फुगायचे!"

मी म्हटलं, आमच्या घरात भांडायची पद्धत नाही.

२ फेब्रुवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी उठून तामाल लावले. दुपारी उघडले. कच्चे. पातेलं न्हाणीघरात नेऊन ठेवलं, वर टॉवेल टाकला. कुका चर्चमध्ये आमच्या बाळाला घेऊन गेली होती, तेवढ्यात बाजाराच्या फाटकाशी बसणाऱ्या तामालवालीकडे गेले. तिच्यासमोर लांब रांग होती आणि रांगेतल्या निम्म्या लोकांचे चेहरे माझ्यासारखेच होते. हिरव्या रश्शाचे तामाल घेतले. घरी आणून तिच्या साली काढल्या, माझ्या साली घातल्या. हात भाजले.

संध्याकाळी सगळे आले. मी तामाल मांडले, शेजारी गरम आतोले, मक्याच्या पिठाची पेज. (आतोलेत गुठळ्या होत्या. ते मी स्वतः केलं होतं.) रुतिलिओने पहिला उघडला. साल अख्खी सुटली.

"चेंचा!" तो म्हणाला. "चमत्कार!"

निकानोरने तीन खाल्ले. दोन्या ब्रिहिदांनी एक उघडला, आतला रस्सा चाखला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यात तर बाजाराच्या फाटकाजवळची हवा लागतेय." निकानोर म्हणाला, त्याला नाही लागत. कुकाने अर्धा खाल्ला, उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला पातेल्याची आठवण झाली.

मी गेले. ती टॉवेल बाजूला करून पातेल्याशेजारी बसली होती. एक कच्चा तामाल तिने उघडला होता.

"हे झाकायचं कशाला, चेंचा?"

"पाहुणे आहेत."

"मी पाहुणी आहे?"

"सात तारखेपासून आहेस."

"बोल," ती म्हणाली. "एकदाचं बोल. महिनाभर तू बशा आपटतेस आणि 'मी रागावलेली नाही' म्हणतेस. अख्ख्या घराला कळलं, त्या पिठालासुद्धा कळलं."

"मी रागावलेली नाही!" हे मी जरा मोठ्याने म्हणाले. जेवणाच्या खोलीतलं बोलणं थांबलं. मग मी थांबले नाही. म्हणाले, आई गेली तेव्हापासून मी त्या काउंटरमागे उभी आहे. तुझे बूट, तुझे दात, तुझं शिवणाचं मशीन, सगळं बघितलं. कधी एका शब्दाने बोलले नाही. आणि तू लग्न ठरवतेस ते मला कधी कळतं? रोस्का कापताना! रुतिलिओबरोबर! ज्या वेळी रुतिलिओला कळलं, त्याच वेळी मला कळलं!

"मी काय केलं?" रुतिलिओ बाहेरून म्हणाला.

कुका रडत होती, पण आवाज स्थिर होता. "तुला आधी एकटीला सांगितलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी गेलेच नसते. तू 'बरं' म्हणाली असतीस आणि दिवे मालवून खाली लेस मोजायला गेली असतीस. मी तुला जिन्यातल्या खिडकीतून बघितलं असतं आणि निकानोरला नाही म्हणून कळवलं असतं. म्हणून चार माणसांत सांगितलं. चार माणसांत मला माघार घेता येत नाही."

मी पातेल्यावर टॉवेल परत टाकला. आम्ही बाहेर आलो तर सगळे आपापल्या बशीकडे बघत आतोले पीत होते, गुठळ्यांसकट. निकानोर उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

एवढंच झालं. तमाशा म्हणता येईल, पण छोटा.

७ फेब्रुवारी

लग्न झालं. कचेरीतल्या बाईंनी नावं चुकीची वाचली, मग बरोबर वाचली. कुकाने करड्या रंगाचा पोशाख घातला होता, लेस माझ्या दुकानातली, चांगल्यापैकी. मी साक्षीदार म्हणून सही केली. सही वाकडी आली, कारण पेन चांगलं नव्हतं.

बसस्टँडवर तिने मला घट्ट धरलं. मी म्हणाले, "जा, जा, सीट जाईल." सीटला नंबर असतो, हे मला माहीत आहे. बस गेली. मी चालत घरी आले आणि दुकान उघडलं. एकही गिऱ्हाईक आलं नाही. कांदेलारिया संपल्यावर झबली कोण घेतं?

११ फेब्रुवारी

एका माणसाचा भात कसा करायचा हे कुणी सांगितलेलं नाही. मी नेहमीइतके तांदूळ घेतले. भात चांगला झाला, वर, मध्ये, खाली, सगळीकडे सारखा. चार दिवस तोच खाते आहे.

खाणावळीत गेले होते एकदा. सूप आळणी होतं. मी मान वर करून "मीठ" म्हणाले. समोर एक अनोळखी माणूस वर्तमानपत्र वाचत होता. त्याने मीठ पुढे केलं.

कुकाची मला आठवण येते. हे इथे लिहायला हरकत नाही. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून जिना चढते तेव्हा वरून कसलाच वास येत नाही.

१५ फेब्रुवारी

कणसाच्या साली उरल्या होत्या. त्या ठेवून ठेवून ठिसूळ होतात, म्हणून सकाळी पीठ आणलं. नाहीतर मी सांगितलंच आहे की जन्मात करणार नाही.

फेसलं. फेसताना विचार काही विशेष नव्हते. कुका लहान असताना पिठाचा हात माझ्या शाळेच्या स्कर्टला पुसायची ते आठवलं, मग ती न्हाणीघरात बसलेली आठवली, मग तिचं ते वाक्य, खिडकीतून बघितलं असतं हे. ती मला खिडकीतून बघायची हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी लेस एकटीच मोजते. मी पातेल्यासमोर उभी राहून बऱ्यापैकी रडले. मग तोंड धुतलं आणि तामाल लावले.

उघडले तेव्हा साल हातात आली आणि तामाल बशीत राहिला. अख्खा, हलका, बोट लावलं की खाली जाऊन परत वर येणारा. दुसरा उघडला. तसाच. सगळे तसेच.

म्हणजे रागावलेली कुका होती. ती गेली आणि तामाल शिजले. हे आता सिद्ध झालं.

मी दोन्या ब्रिहिदांना हाक मारली, त्या चर्चमध्ये गेल्या होत्या. रुतिलिओचा फोन लागला नाही. मी टेबलाशी बसून एक खाल्ला. फार चांगला होता. समोर दाखवायला कुणी नसताना इतकी चांगली गोष्ट खाऊन माणूस काय करणार? तामाल गार झाले की त्यांची चव उतरते, हे एकच कारण. पातेल्याला शाल गुंडाळली, दुकानावर "आज बंद" लिहून लावलं आणि आपिसाकोची बस पकडली. पातेलं मांडीवर होतं. अख्ख्या बसभर वास सुटला होता आणि मागची एक बाई विकत मागत होती. मी दिले नाहीत.

हे मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे.

दार कुकाने उघडलं. मी म्हटलं, "साली उरल्या होत्या." तिने पातेलं घेतलं, तिथेच उंबऱ्यावर शाल सोडली, एक तामाल काढून उघडला. साल सुटली. ती सालीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग एक घास खाल्ला आणि तोंडात घास असतानाच पायरीवर बसून रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. मी तिच्या शेजारी बसले. जागा अरुंद होती, खांद्याला खांदा लागत होता.

निकानोर गुडघा धरून आतून धावत आला. त्याने कुकाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"परत कच्चे राहिले का, दोन्या चेंचा?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "शिजलेत."